ओढ्याकाठचा पट्टेदार नळ : शोभा एकाची, खर्च सर्वांचा



अलीकडे गावोगाव टुमदार घरे झाली, अंगणात रोपवाटिकेतली झाडे आली. चांगलेच झाले. पण त्यांच्याबरोबर पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या पानांचे एक उंच गवतही आले आहे. लांबून मका वाटतो, जवळ गेले की ऊस. याचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. अशा गवतांना आपल्याकडे नळ म्हणतात. "साहेब, ओढ्याकडच्या बांधाला याच्या कांड्या लावल्या तर माती धरून राहील का?" असे काही सभासदांनी आम्हाला विचारले. आमचे उत्तर स्पष्ट आहे: लावू नका.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गट कार्यालयापुढे शोभेसाठी याचे एक बेट आम्हीच लावले होते. ते वाढून वाटेवर आले, म्हणून तोडून-खणून कचरा मागच्या ओढ्यात टाकला. पुढचा पावसाळा सरला आणि खालच्या वळणावर, एका सभासदाच्या मळईत, नळाची दोन बेटे उभी! त्यांनी बिचाऱ्यांनी कधी रोप विकत आणले नव्हते. खणायची मजुरी मात्र त्यांना पडली. आम्ही माणसे दिली, पण बोल लागायचा तो लागलाच.

हे कसे होते, ते ऊस लावणाऱ्याला सांगायला नको. उसाची कांडी डोळ्यावर फुटते, तसाच नळही पेरावर फुटतो, आणि जमिनीतल्या गड्ड्याच्या तुकड्यातूनही उठतो. फरक एवढाच की उसाला बेणे, सरी, खत, पाणी, सगळे आपल्या हाताने द्यावे लागते. नळाला एक पूर पुरे.

"एवढ्याशा गवताचे काय भ्यायचे?" असे कोणी म्हणेल. त्यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याकडे पाहावे. तिथे हे गवत बाहेरून नेलेले. १८२० च्या सुमारास लॉस एंजेलिस नदीकाठी ते छपरांसाठी कापून नेत. पुढे पाटांच्या कडा ढासळू नयेत म्हणून, आणि शोभेसाठीही, ते मुद्दाम लावले. तिथे त्याला उगवणारे बी धरत नाही, तरी नुसत्या गड्ड्या-कांड्यांवर नद्याच्या नद्या त्याने व्यापल्या. वीस-पंचवीस फूट उंच दाट रान झाले. ते पाणी ओढते, वाळले की पेटते, आणि जळाल्यावर इतर झाडांच्या आधी फुटते. टेक्सास राज्यात तर रिओ ग्रांदे नदीकाठी त्याला आवरायला २००९ साली परदेशातून एक बारीक गांधीलमाशी आणून सोडावी लागली.

आणि माती धरण्याचे म्हणाल, तर गड्डे वरच्या थरातच पसरतात. मोठा पूर त्यांच्या खालची माती खातो, मग काठासकट बेट कोसळते, वाहत जाऊन पुलाला अडकते.

नळ वाईट नाही. त्याच्या चटया, टोपल्या होतात, सनईसारख्या विलायती वाद्यांच्या जिभल्याही होतात. पण जागा चुकली की उपयोगी वस्तूही शत्रू होते. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही शोभेच्या म्हणूनच या देशात आल्या होत्या. आज त्यांची शोभा कोण पाहतो?

शेतात शिरला तर औषधाचाही भरवसा नाही. उसात आपण वापरतो ते २,४-डी रुंद पानांच्या तणांचे. ते नळाला मानवते. आणि जे नळाला मारील ते उसाला सोडणार नाही. शेवटी कुंदा-हराळीसारखे खणणेच नशिबी.

म्हणून आमची विनंती:

बांधावर, पाटाच्या व ओढ्याच्या काठी नळ लावू नये. अंगणात असेल तर काढलेला कचरा पाण्यात वा उकिरड्यावर टाकू नये. खडकावर पसरून खडखडीत वाळवावा. बेट लहान असतानाच, ओल असताना, गड्ड्यासकट खणावे. रोटाव्हेटर फिरवू नये, एकाचे शंभर होतील. पुढे वर्षभर फुटवे पाहत राहावे. आणि काम ओढ्याच्या वरच्या अंगाकडून सुरू करावे. खालून साफ केले तर वरचा तुकडा पुढच्या पुरात परत येतो.

यात शेवटची गोष्ट आम्हाला सर्वात मोलाची वाटते. बांध ज्याचा त्याचा असतो, ओढा सर्वांचा. वरच्या सभासदाने आपली कांडी सांभाळली, तरच खालच्याचा मळा सुरक्षित. एकमेकांच्या भरवशावर आपण कारखाना उभा केला. एक ओढा स्वच्छ ठेवणे त्यापुढे काय अवघड आहे? आपल्या शिवारात असे बेट दिसल्यास गट कार्यालयाला कळवा. पहिली कुदळ आम्ही मारू. चूकही पहिली आमचीच होती.

— ऊस विकास अधिकारी