जितक्या ठेवी, तितकी मते

विकेंद्रीकरण हा शब्द ज्यांनी गांधी आणि लोहिया यांच्याकडून घेतला, त्यांना तो क्रिप्टो चलनांच्या प्रचारात भेटला की क्षणभर बरे वाटते. बँक नाही, सरकार नाही, दलाल नाही. हिशेबाची वही सर्वांना खुली. वही खुली असते हे खरेच आहे. प्रश्न आहे तो त्या वहीच्या कारभारात मत कोणाचे, हा.

'डॅश' या चलनाचेच पाहू. इव्हान डफील्ड यांनी जानेवारी २०१४ मध्ये ते सुरू केले आणि त्याच वर्षी त्यात 'मास्टरनोड'ची व्यवस्था आणली. मास्टरनोड म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा सर्व्हर. व्यवहार तत्काळ पक्के करणे, नोंदींच्या साखळीवर शिक्कामोर्तब करणे ही त्याची कामे उपयुक्त आहेत. त्यांचा मोबदला मिळण्यात गैर काही नाही. मात्र तो चालविण्याचा हक्क १००० डॅशची ठेव दाखविणाऱ्यालाच मिळतो. ही ठेव मालकाच्याच वॉलेटमध्ये पडून राहते; ती खर्च केली की हक्क संपला. सर्व्हर भाड्याने मिळतो आणि त्याचे भाडे ठेवीच्या मानाने किरकोळ असते.

एकाच मालकाने असे दहा मास्टरनोड चालवायचे म्हटले, तर कोणी अडवीत नाही. दहा ठेवी एका वॉलेटमध्ये वेगवेगळ्या ठेवाव्यात, प्रत्येकीसाठी स्वतंत्र आयपी पत्त्याचा सर्व्हर घ्यावा, की झाले. ते सर्व्हर एकाच कंपनीच्या एकाच इमारतीत असले तरी नियम मोडत नाही. देखभाल पगारी माणसाकडे सोपविता येते, कारण मालकाची, चालकाची आणि मतदानाची अशा किल्ल्याच वेगळ्या ठेवल्या आहेत. बाहेरून दहा साक्षीदार दिसतात, माणूस एकच. आणि मते दहा! २०२३ मध्ये तर ४००० डॅशच्या मोठ्या नोडची सोय झाली व त्याला चार मते दिली गेली. पैसा आणि मत यांचे त्रैराशिक नियमातच मांडले गेले.

या मतांवर चलनाचा सार्वजनिक निधी कोणाला द्यायचा हे ठरते. २०२० मध्ये नव्या नाण्यांतील मायनर आणि मास्टरनोड यांची निम्मी-निम्मी वाटणी बदलून मास्टरनोडचा वाटा टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. ठरविणारे अर्थातच मास्टरनोडचे मालक. त्यात आरंभीच्या दोन दिवसांत गणितातील चुकीमुळे सुमारे १९ लाख नाणी निघाली होती. म्हणजे कमाल साठ्याच्या दहावा हिस्सा, १९०० मास्टरनोडची ठेव. ती चूकच होती असे मानले तरी मताधिकार पडला तो आधी पोहोचलेल्यांच्या पदरात.

जाळ्यात माणूस ओळखता येत नाही, एकजण हजार नावे घेऊ शकतो, म्हणून ठेवीची अट, असे यावर सांगितले जाते. युक्तिवाद खरा आहे. पण मग तिला भागधारकांची सभा म्हणावे, लोकशाही म्हणू नये. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. आपल्या सहकारात सम्राट निपजले नाहीत असे नाही. पण त्यांना निदान बोगस सभासद नोंदविण्याचे कष्ट तरी घ्यावे लागले. येथे तेवढेही नकोत.

ज्याच्याजवळ १००० नाणी नाहीत, त्याच्यासाठी सामायिक मास्टरनोडच्या योजना निघाल्या. त्यांत बहुधा आपली नाणी चालकाच्या वॉलेटमध्ये भरायची आणि त्याने आपले कमिशन कापून दिलेला हिस्सा घ्यायचा. दलालाला हाकलण्यासाठी निघालेली ही वाट लहान गुंतवणूकदाराला पुन्हा दलालाच्याच ओटीवर आणून बसविते.