शेवटच्या डब्याची साक्ष



विज्ञानाच्या मासिकात आठवणींचे काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडेल. आठवण हा मनाचा मामला. विज्ञानाला हवे मोजमाप. वर्गात आम्ही शिक्षक मंडळीच तसे शिकवीत असतो. कोणी विद्यार्थी ‘सर, मला असे वाटले’ म्हणाला, की आम्ही लगेच विचारतो, ‘वाटले म्हणजे? मोजलेस का?’ हे विचारणे योग्यच आहे. परंतु ‘वाटले’ म्हणून जे सांगितले ते तेवढ्यावरच निकालात काढणे मला पटत नाही. का पटत नाही, ते मी रोलर कोस्टरच्या उदाहरणाने सांगणार आहे.

आपल्याकडे जुनी माणसे आजोळच्या झोपाळ्याबद्दल ज्या मायेने बोलतात, त्या मायेने अमेरिकेतील पुष्कळ माणसे रोलर कोस्टरबद्दल बोलतात. आपला आवडता कोस्टर कोणता, त्यात पहिल्यांदा कोणाबरोबर बसलो, टोपी कोठे उडाली, हे सारे त्यांना पन्नास वर्षांनीही आठवते. १९७८ साली तर अशा शौकिनांनी तेथे एक संघटनाच काढली. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या भागात वाढले. तेथील ‘सायक्लोन’ हा त्यांचा लाडका कोस्टर. मावसभावाने माझे त्यांच्याशी फोनवर बोलणे करून दिले आणि मी भौतिकशास्त्र शिकवतो हे कळताच ते थोडे ओशाळले. ‘आमच्या गोष्टी तुम्हांला पोरकट वाटतील,’ म्हणाले. मला त्या मुळीच पोरकट वाटल्या नाहीत.

ते म्हणाले, ‘खरी मजा शेवटच्या डब्यात. पुढे बसतात ते नवखे.’

आता पाहा. सायक्लोनच्या गाडीला तीन डबे असतात आणि प्रत्येक डब्यात आठ माणसे बसतात. डबे एकमेकांना जोडलेले, म्हणजे कोणत्याही क्षणी तिन्हींचा वेग एकच. मग पुढे काय आणि मागे काय, फरक कसा पडावा? गोम अशी, की वेग एकच असला तरी त्या क्षणी प्रत्येक डबा निराळ्या जागी असतो. साखळी गाडीला हळूहळू माथ्यावर ओढते. पहिला डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडी साखळीच्याच मंद गतीने चाललेली असते. तो पलीकडच्या उतारावर जणू लोंबकळत राहतो, कारण मागचे डबे अजून चढावर आहेत. गाडीचा बराचसा भाग पलीकडे गेला की ती साखळी सोडून धावू लागते. शेवटचा डबा माथ्यावर येतो तो असा धावत्या गाडीबरोबर. रुळाचा बाक तोच, वेग मात्र जास्त. बाकावरून जाताना शरीराला वळवण्यासाठी जे त्वरण लागते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. हे त्वरण गुरुत्व त्वरणाहून अधिक झाले, की केवळ गुरुत्वाकर्षण माणसाला रुळाबरोबर खाली वळवू शकत नाही. तो बाकावरून उचलला जातो आणि मांडीवरचा दांडा त्याला धरून ठेवतो. खुद्द डबाही उचलला जाऊ नये म्हणून रुळाच्या खालच्या बाजूने फिरणारे आणखी एक चाक असते. जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ साली त्याचे एकस्व घेतले. ते चाक नसते तर हे सारे उंचवटे सौम्यच ठेवावे लागले असते.

म्हणजे शेवटच्या डब्याची आठवण खरी. पुढच्या उंचवट्यांवर साखळी नसते, आणि तेथे गाडीचा मध्य माथ्यावर आला असता वेग सर्वांत कमी असतो. त्यामुळे मधल्या डब्याला तेथे सर्वांत कमी धक्का बसतो. घाबरट माणसे मधला डबा पसंत करतात असेही ते गृहस्थ म्हणाले होते. पाहा, त्यांनी तर गणित कधी केले नव्हते!

त्यांची दुसरी आठवण अशी, की सकाळपेक्षा संध्याकाळी सायक्लोन जास्त जोरात धावे. हे ऐकून कोणीही हसेल. डोंगर तेवढाच, गाडी तीच, गुरुत्वाकर्षण काही घड्याळ पाहून चालत नाही. परंतु दिवसभर फेऱ्या मारून चाके आणि त्यांची बेअरिंग गरम होतात, वंगण पातळ होते, घर्षणात कमी ऊर्जा वाया जाते. पहिल्या माथ्यावर मिळालेल्या स्थितिज ऊर्जेखेरीज या गाडीजवळ दुसरे भांडवल नसते. इंजिन नाही, काही नाही. तेव्हा घर्षणाने खाल्लेला प्रत्येक घास पुढच्या वेगातून वजा होतो. थंड सकाळी गाडी मंद धावते हे कोस्टर चालवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

त्यातच अंधार पडला की आणखी एक भर पडते. ओहायो राज्यात ‘द बीस्ट’ नावाचा लाकडी कोस्टर १९७९ साली सुरू झाला. सात हजार फुटांहून अधिक लांबीचा हा मार्ग झाडीतून जातो, आणि शौकीन मंडळी तेथे रात्रीची फेरी घेण्यासाठी मुद्दाम थांबतात. रात्री वळण आधी दिसत नाही, त्यामुळे शरीर सावरून धरता येत नाही. तेव्हा संध्याकाळच्या आठवणीत वंगण किती आणि काळोख किती, हे निराळे करणे सोपे नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने घड्याळ लावून सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांचा वेळ मोजला, तर त्यातला वंगणाचा वाटा मात्र कळेल.

‘गाडी भरलेली असली की ती जास्त पळे,’ हीही त्यांची एक आठवण. येथे तुम्ही मला अडवाल. सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात हे गॅलिलिओपासून आपण शिकत आलो. मग माणसे भरल्याने काय होणार? याचे उत्तर मी देत नाही. एवढेच सांगतो, की हवेचा विरोध गाडीच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो, वस्तुमानावर नव्हे. बाकीचे तुम्ही जुळवा.

सगळ्याच आठवणी अशा कसोटीला उतरतात असे मात्र समजू नका. गृहस्थ म्हणाले, ‘पहिली उडी सरळ खाली, भिंतीसारखी!’ ती तशी नाही. सायक्लोनचा पहिला उतार जमिनीशी साठ अंशांहूनही थोडा कमी कोन करतो. मग भिंत कोठून आली? शरीराला खरी खूण मिळते ती वजनाची. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा खुर्ची आपल्याला वर रेटते. पोटातील आतडी, जठर हीसुद्धा एकमेकांच्या आधाराने टेकलेली असतात. उतारावर तो आधार एकदम ढिला पडतो. पोटात गोळा येतो म्हणतात तो हाच. आधार सुटला म्हणजे आपण सरळ खाली पडतो आहोत, असा अर्थ मेंदू लावतो आणि तीच भिंत आठवणीत राहते. निरीक्षण खरे, त्याचा अर्थ चुकला. विज्ञानाच्या इतिहासात मोठमोठ्यांचेही असे झालेले आहे.

आता छापील माहितीकडे वळू. सायक्लोनची उंची ८५ फूट आणि कमाल वेग ताशी ६० मैल, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. तुम्ही नववी-दहावीत असाल तर पेन्सिल घ्या. ८५ फूट म्हणजे सुमारे २६ मीटर. घर्षण अजिबात नाही असे धरले, तर खाली येईपर्यंत सारी स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलेल; म्हणजे वेगाचा वर्ग = २ × ९.८ × २६, सुमारे ५१०. वर्गमूळ काढले की सेकंदाला २२.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८१ किलोमीटर. ताशी ६० मैल म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर! तेवढ्या वेगासाठी डोंगर सुमारे ३७ मीटर उंच हवा, नाहीतर गाडीने माथाच ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने ओलांडायला हवा. साखळीने ओढलेली गाडी तशी धावत माथ्यावर येत नसते. तेव्हा छापलेल्या दोन आकड्यांपैकी एक तरी चुकीचा आहे, आणि माझा संशय वेगावर आहे. आठवण हळवी आणि आकडा काटेकोर, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. येथे म्हातारबुवांचा शेवटचा डबा खरा ठरला आणि छापील आकडा गडबडला.

छापील आकडे नेहमी खोटे असतात असे मी म्हणत नाही. न्यू जर्सीत २००५ साली ‘किंगडा का’ नावाचा १३९ मीटर उंचीचा कोस्टर उभा राहिला. त्या वेळी तो जगात सर्वांत उंच होता. त्याची गाडी साखळीने चढत नसे. खालीच तिला ताशी २०६ किलोमीटरचा वेग देऊन वर फेकत. १३९ मीटर चढण्यासाठी किमान किती वेग लागतो हे वरच्याच पद्धतीने काढून पाहा. ताशी सुमारे १८८ किलोमीटर येईल. घर्षणासाठी थोडी शिल्लक ठेवली, की हिशेब बरोबर जुळतो.

या प्रचंड यंत्राचे आयुष्य वीस वर्षांचे झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून ते पाडले. १९२७ सालचा २६ मीटरचा सायक्लोन मात्र आजही मोसमात चालतो. त्याच्यावरही पाळी आली होती. १९६९ साली शहराने तो ताब्यात घेतला आणि शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी पाडायचे ठरत होते. लोकांनी ‘सायक्लोन वाचवा’ अशी चळवळ केली, १९७५ साली तो दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला, १९८८ साली शहराने त्याला जतन करावयाची वास्तू म्हणून मान्यता दिली. कोनी आयलंडवरचाच ‘थंडरबोल्ट’ हा १९२५ सालचा कोस्टर इतका भाग्यवान नव्हता. १९८२ साली तो बंद पडला, पुढे वर्षानुवर्षे वेलींत गुरफटून उभा राहिला आणि २००० साली पाडला गेला. त्याच्या शेवटच्या डब्यात काय होत असे, हे आता कोणालाच मोजता येणार नाही.

आठवण वाईट असली तरी तिचाही उपयोग असतो. याच कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ हा कोस्टर आला. त्याच्या रुळाचा फेरा अगदी गोल होता. त्यात बसलेल्यांची आठवण म्हणजे दुखावलेली मान! गोल फेऱ्याच्या माथ्यावरून गाडी जेमतेम निभावून न्यायची म्हटली, तरी तळाशी प्रवाशाला आपले वजन सहापट भासते, हे अकरावी-बारावीतले विद्यार्थी सिद्ध करू शकतील. तो कोस्टर काही वर्षांतच बंद झाला. १९७६ साली कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ साठी वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने फेरा गोल न ठेवता थेंबासारखा केला. तळाशी मोठी त्रिज्या, माथ्यावर लहान. मानेची तक्रार मिटली.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून ‘नायट्रो’ नावाचा मोठा कोस्टर आहे आणि शाळांच्या सहली तेथे जातात. सहल परतली की आपण निबंध लिहून घेतो. त्यात ‘खूप मजा आली’ हे वाक्य हमखास असते. ते खोडू नका. मजा नेमकी कोणत्या जागी आली, हे त्याच्यापुढे लिहायला सांगा. कोणत्या रांगेत बसला होता, सकाळ होती की दुपार, अंग कोठे हलके झाले आणि कोठे जड. चाळीस मुलांची उत्तरे फळ्यावर मांडली, की पुढच्या आणि मागच्या रांगांतला फरक मुलांना आपोआप दिसू लागेल. ज्यांच्या गावाहून खोपोली लांब आहे त्यांनी जत्रेतल्या पाळण्यापासून सुरुवात करावी. माथ्यावर अंग हलके होते की तळाशी, हे तेथेही कळते.

टिपणवही मात्र खाली मित्राजवळ ठेवावी. गाडीत सुटी वस्तू नेऊ देत नाहीत, आणि का नेऊ देत नाहीत हे शेवटच्या रांगेत बसलेल्याला सांगावे लागत नाही.