विद्यावेतन म्हणजे दानधर्म नव्हे

झिजलेला गुडघा बदलण्याची पाळी आली, की आपल्याकडील वृद्ध रुग्ण हमखास एक प्रश्न विचारतो : "मला पुन्हा मांडी घालून बसता येईल काय?" ज्याची पूजा, पंगत आणि शेतातील निंदणी जमिनीशी बांधलेली आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याचे उत्तर केवळ शस्त्रवैद्याच्या कौशल्यात नाही. ते संगणकीय जैवयांत्रिकी या शास्त्राकडेही मागावे लागते. सी. टी. स्कॅनवरून हाडाची प्रतिकृती संगणकात उभारावयाची, तिचे हजारो सूक्ष्म भाग पाडावयाचे आणि जिना चढताना वा उकिडवे बसताना प्रत्येक भागावर किती ताण येतो हे गणिताने काढावयाचे, ही त्याची रीत. कृत्रिम सांधा कोठे सैल होईल, याचा अंदाज त्यामुळे आधीच बांधता येतो.

पण मापे परक्या देहांची असतील, तर गणित अचूक असूनही उत्तर आपल्या उपयोगी पडेलच असे नाही. आपल्या राहणीचा विचार आपणच करावा लागतो, हे जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास दाखवून दिले. अनवाणी चालता येईल, उकिडवे बसता येईल असा पाय त्यांनी घडविला. तो विचार आज संगणकाच्या साह्याने पुढे न्यावयाचा, तर यंत्रशास्त्र, गणित आणि शरीररचना या तिन्हींत मुरलेले तरुण हवेत. ते चार-पाच वर्षांच्या एकाग्र संशोधनाविना तयार होत नाहीत.

या तरुणांना आपण काय देतो? केंद्र सरकारचे कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन २०१९ मध्ये दरमहा ३१,००० रुपये झाले. ते ३७,००० होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याचा विचार वर्षातून दोनदा होतो. संशोधकाच्या बाबतीत मात्र महागाई चार वर्षे थांबून राहते, अशी सरकारची समजूत दिसते! त्यातही ही रक्कम वेळेवर हाती पडत नाही, ही तक्रार जुनीच आहे. योग्य मोल सरकारला ठाऊक नाही असेही नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीचा आरंभच दरमहा ७०,००० रुपयांपासून ठेवण्यात आला होता. पण ती निवडक थोड्यांसाठी.

युरोपातील मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी योजनेत कोणत्याही देशाच्या पदवीधराला अर्ज करता येतो. निवड झालेल्यास रीतसर नेमणूक, पगार आणि सामाजिक सुरक्षेचे संरक्षण मिळते. आमचे तरुण तिकडे गेले, तर त्यांना देशाभिमानाचे पाठ देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांनी अवश्य जावे. मात्र परत यावेसे वाटेल असे काही येथे असले पाहिजे.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु किंमत हुकुमाने उतरविता येते, विद्या हुकुमाने उपजत नाही. विद्यावेतन महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावे आणि महागाईबरोबर ते आपोआप वाढावे, एवढीच आमची मागणी आहे. संशोधक हा सरकारच्या दारचा याचक नव्हे. उद्या ज्याच्या गणितावर आपले गुडघे उभे राहावयाचे आहेत, त्याला आज ताठ उभे राहू देणे हा शुद्ध व्यवहार आहे.