वय आणि गळा

गेल्या आठवड्यांत आमच्या मुलुंडच्या घरीं जुन्या ट्रंकेची आवराआवर चालली असतां एक कॅसेट हातीं लागली : 'जानम समझा करो'. नातीनें विचारलें, "आजोबा, ही तुमची का?" "नाहीं, तुझ्या पणजीची," असें सांगतांच तिला हसूं आवरेना. ही हसण्याची गोष्ट कां नव्हे, हें तिला सांगितलें; तेंच येथें वाचकांपुढें मांडतों.

ही कॅसेट १९९७ सालची. १९३३ सालीं सांगलीकडील गोआर येथें जन्मलेल्या आशाबाई भोसले त्या वर्षीं चौसष्ट वर्षांच्या झाल्या. मास्टर दीनानाथांच्या या कन्येनें १९४३ सालीं 'माझा बाळ' या चित्रपटांत गाइलें. म्हणजे चोपन्न वर्षांची गायनसेवा पाठीशीं होती. पति राहुलदेव बर्मन १९९४ च्या जानेवारींत निवर्तले होते. लोकरीतीप्रमाणें आतां जपमाळ घेऊन बसावें, अशी ती वेळ. परंतु बाईंनीं वयानें पुष्कळ लहान अशा लेस्ली लुईस या संगीतकारासह पॉप गीतांचा हा संग्रह काढला. तो घरोघर गेला आणि त्यास एम्. टी. व्ही. चा पुरस्कारही मिळाला.

या यशाचें मर्म निव्वळ खपांत नाहीं. चित्रपटांत गाणें गायिकेचें असलें तरी तोंड नटीचें असतें आणि मालकी निर्मात्याची वा कंपनीची. गायकांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यांत स्पष्ट झाला तो २०१२ च्या दुरुस्तीनें. स्वतंत्र संग्रहावर मात्र नांव गायिकेचें, चेहरा तिचाच, आणि जय-पराजयही तिचाच. दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्यांवर विशीतल्या मुखांची गर्दी उसळली असतां चौसष्टाव्या वर्षीं हा डाव मांडणें, हें धाडस होतें.

कित्येकांनीं तेव्हां नाकें मुरडलीं. पण हा केवळ काळाचा अनुनय म्हणावा, तर त्याच सुमारास उस्ताद अली अकबर खाँ यांजपाशीं जुन्या बंदिशी शिकून त्यांनीं केलेल्या 'लीगसी'स ग्रॅमीचें नामनिर्देशन लाभलें होतें. पुढें २००५ सालीं क्रोनॉस या अमेरिकन तंतुवाद्य-चतुष्टयासह त्यांनीं राहुलदेवांचीं गीतें पुनः गाइलीं; त्यासही तोच मान मिळाला. नव्याचा हव्यास आणि जुन्याची साधना एकाच गळ्यांत नांदूं शकतात.

आतां घरची गोष्ट. माझी आई आशाबाईंच्याच वयाची. माहेरीं पेटीवर गाणें शिकलेली. सुना आल्यावर तिचें गाणें देवघरापुरतें उरलें आणि वडील गेल्यावर तेंही थांबलें. कुणी मना केलें नव्हतें. परंतु कुणी 'म्हण' असेंही म्हटलें नव्हतें. पुतण्यानें ही कॅसेट आणली, तेव्हां मी तिरसटपणें बोललों, "या वयांत हें काय!" आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "वय गुडघ्यांना झालं रे, गळ्याला कशाला?"

मी निरुत्तर झालों. गुणांचा आदर करतांना लिंग व वय पाहूं नये, हा भवभूतीचा विचार मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत होतों. त्याचा अर्थ मला आईनें सांगितला. पुढल्या चतुर्थीस मीं होऊन तिच्यापुढें पेटी ठेवली. आवाज थकला होता. सूर थकला नव्हता. कॅसेट मग तिनें आपल्या ट्रंकेंत ठेवून दिली आणि त्यानंतर नऊ वर्षें ती गात राहिली.

वाचकहो, आपल्या घरांतील कुणा वृद्धेचें गाणें केव्हां थांबलें, हें एकदां तिलाच विचारून पाहावें. बाजाराचा कौल सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. घराचा कौल देणें मात्र आपल्या हातीं आहे.