दुसऱ्या पुडीआधी फॉस्फरस तपासा

"हाडं ठणकतात, मांड्यांत त्राण नाही, खाली बसलं की उठवत नाही." जिंतूर असो की गंगाखेड, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाया आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिल्या आहेत. केसपेपरवर 'संधिवात' किंवा 'मणक्याची झीज' लिहिले जाते. वेदनाशामक आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दिली जाते. ऑस्टिओमलेशियाचे नाव क्वचितच निघते.

परभणीचा पारा उन्हाळ्यात 44 अंशांच्या पुढे जातो, मग इथे 'ड'ची कमतरता कुठली, हा समज पहिल्यांदा सोडू. अंगभर कपडे आणि सावळी त्वचा यांमुळे उन्हाचा लाभ घटतो. ताटात दूध कमी, भाकरीतले फायटेट कॅल्शियम अडवते आणि कॅल्शियम तोकडे पडले की शरीरातले 'ड'ही लवकर खर्ची पडते. त्यात लागोपाठची बाळंतपणे.

पुडीने गुण आला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे. रुग्ण फिट्ससाठी वर्षानुवर्षे फेनिटॉइन घेतो का? टेनोफोविर चालू आहे? लोहासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची इंजेक्शने वारंवार झाली? जुनाट जुलाब, सिलिअॅक, मूत्रपिंडाचा विकार? गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे? आणि क्वचित, एखादी लहानशी गाठ एफजीएफ-23 स्रवून लघवीवाटे फॉस्फेट वाया घालवते. अशा रुग्णांवर मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम झाले आहे. गाठ सापडून पूर्ण निघाली, तर अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा चालू लागतो.

यासाठी पहिले पाऊल तालुक्याच्या गावीही टाकता येते: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि कटिभागाचा एक्स-रे. फॉस्फेटेज वाढलेले, फॉस्फरस कमी आणि मांडीच्या हाडावर लूझर रेषा दिसली, तर संशय पक्का धरा. 'ड' पुरेसे असूनही फॉस्फरस कमीच राहिला, तर उपाशीपोटी रक्त व लघवीतील फॉस्फेट एकाच वेळी मोजून घ्या.

केवळ डेक्सावर विसंबणे घातक ठरते. हाडांची घनता ऑस्टिओपोरोसिसमध्ये घटते तशी इथेही घटते. मात्र ऑस्टिओपोरोसिसमध्ये वरील रक्ततपासण्या सहसा बिघडत नाहीत. ऑस्टिओमलेशिया न ओळखता झोलेड्रोनिक अॅसिड टोचले, तर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकते.

म्हणून व्यवसायबंधूंना एकच विनंती: पुडीचा दुसरा कोर्स लिहिण्याआधी फॉस्फरस आणि फॉस्फेटेजचे आकडे केसपेपरवर असू द्या.