अनारसा सोऱ्यात घालू काय?

"ही सगळी तुमचीच चित्रे?" गेल्या वर्षी एका कलादालनाच्या चालकांनी मला विचारले. मी होय म्हटले. "पाच जणांनी काढल्यासारखी दिसतात. गिऱ्हाईक गोंधळते. आधी एक शैली ठरवा, मग या." बाराही चित्रे रिक्षात घालून मी सीताबर्डीवरून घरी आलो. तेव्हा बोलायचे राहून गेले, ते आज बोलतो.

अहो, शैली म्हणजे का साबणाच्या वडीवरचा छाप? पावसाळी पहाटे अंबाझरीवर उभे राहा. पाणी कुठे संपले, आभाळ कुठे लागले, कळत नाही. ते ओल्या कागदावर जलरंग सोडूनच यायचे; रेघ ओढलीत की तलाव मेला! आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीतून निघणारी काळी मारबत? बांबू-कागदाची ती धिप्पाड बया धुक्यासारखी रंगवली, तर पोरेसोरेही हसतील. तिला जाड रेघच हवी, भडक सपाट रंगच हवा. विषय आपला घाट आपल्यासोबत घेऊन येतो. आपल्या घरची गृहिणी चकली सोऱ्यातून पाडते, अनारसा खसखशीवर थापते. तिला कोणी म्हणते का, की बाई, एक घाट ठरव?

यावर रझांचा बिंदू माझ्या तोंडावर फेकला जातो. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात आमच्या नागपूरच्याच कलाशाळेत शिकले. पण बिंदू त्यांच्या चित्रात ठाण मांडून बसला, तेव्हा ते साठीला टेकले होते! त्याआधी मुंबईचे रस्ते झाले, काश्मीर झाले, फ्रान्समधली खेडी झाली. काश्मीरच्या जलरंगांपाशीच कोणी त्यांना 'हीच तुमची शैली, आता हलू नका' असे बजावले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर? पिकासोने तर १९२१ च्या एकाच उन्हाळ्यात तुकड्यातुकड्यांचे 'तीन वादक'ही रंगवले आणि पाषाणमूर्तींसारख्या 'झऱ्यावरच्या तीन स्त्रिया'ही.

गायतोंडे एकाच मौनाच्या वाटेने गेले, हे मला मान्य आहे. १९२४ साली नागपुरातच जन्मलेला हा चित्रकार आधी माणसेच रंगवीत होता. पुढची वाट त्याने स्वतः धरली. ती दुकानाची अट नव्हती.

चालकमहाशयांना यंदा फराळाचे बोलावणे धाडले आहे. बैठकीत धुके आणि मारबत शेजारीशेजारी टांगली आहेत.