विश्लेषण : वाईनच्या बाटलीवर वेलींचे लागवड वर्ष कशासाठी?

वाईनच्या बाटलीवर बहुधा एक साल असते. द्राक्षे ज्या हंगामात काढली, ते साल. दक्षिण आफ्रिकेच्या काही बाटल्यांवर मात्र गळ्यापाशी आणखी एक साल दिसते आणि ते कितीतरी जुने असते. ते वाईनचे नव्हे, बागेचे जन्मसाल. अशा बाटल्यांत ‘शेनिन ब्लाँ’ या पांढऱ्या वाईनचा वाटा मोठा आहे. कधीकाळी ब्रँडीच्या भट्टीत जाणाऱ्या या द्राक्षाच्या म्हाताऱ्या वेली जपण्याची धडपड तिथे का सुरू आहे?

भट्टीचे द्राक्ष वारसा कसे बनले?

केप प्रांतात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान व्हान रीबेक यांनी २ फेब्रुवारी १६५९ रोजी पहिली वाईन तयार झाल्याची नोंद केली. मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातले शेनिनही तिथे फार आधीपासून आहे. पण स्थानिक नाव ‘स्टीन’. स्टीन म्हणजेच शेनिन, हे पक्के व्हायला १९६०चे दशक उजाडले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘केडब्ल्यूव्ही’ या सहकारी संस्थेच्या काळात शेतकऱ्याला पैसे मिळत ते मुख्यतः वजनावर, चवीवर नव्हे. भरघोस पिकणारे शेनिन त्या हिशेबात फिट्ट बसले. मग १९५९ मध्ये ‘लिबरस्टाइन’ ही स्वस्त, गोडसर पांढरी वाईन आली आणि १९६४ मध्ये तिचा खप ३ कोटी १० लाख लिटरवर गेला. मागणी पाहून शेनिनची लागवड वाढतच गेली. गंमत अशी, की आज ‘वारसा’ म्हणून मिरवणाऱ्या अनेक बागा याच स्वस्त वाईनच्या लाटेत लावलेल्या आहेत.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर निर्यात खुली झाली. परदेशी ग्राहकाला रेड वाईन, शार्डोने, सोव्हिन्यों ब्लाँ हवे होते. शेनिनच्या बागांवर ट्रॅक्टर फिरू लागले.

‘जुनी वेल’ कोणाला म्हणायचे?

फ्रान्समध्ये लेबलवर ‘जुन्या वेली’ असे लिहिण्याची रीत आहे, पण त्याला वयाची कायदेशीर अट नाही. द्राक्षशेती तज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी २००२ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या बागा शोधून त्यांची यादी करायला घेतली. त्यातूनच २०१६ मध्ये उद्योगपती योहान रूपर्ट यांच्या अर्थसाहाय्याने ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ संस्था उभी राहिली. २०१८ पासून ३५ वर्षे आणि त्याहून जुन्या बागांच्या वाईनला लागवडीचे साल असलेली मोहोर मिळते. तिथे प्रत्येक बागेची लागवड नोंद सरकारमान्य यंत्रणेकडे असते, म्हणून हे साल तपासता येते. आंतरराष्ट्रीय वाईन संघटनेनेही (‘ओआयव्ही’) २०२४ मध्ये ३५ वर्षांचीच रेषा आखली. बागेतल्या किमान ८५ टक्के वेली तेवढ्या वयाच्या हव्यात.

चव खरेच वेगळी असते का?

वय वाढते तशी वेल कमी घड धरते आणि मुळे खोल गेलेली असतात. स्वार्टलँड, सिट्रसदालच्या डोंगराळ भागात अशा कित्येक बागा तारा-मांडवाशिवाय झुडपासारख्या वाढवलेल्या आणि कोरडवाहू आहेत. केप टाऊनचे नळ बंद पडायची वेळ आणणाऱ्या २०१५ ते २०१८ च्या दुष्काळानंतर या गुणाचे मोल वाढले. शेनिनचा आंबटपणा उन्हातही टिकतो, त्यामुळे वाईन दाट असूनही ताजी लागते. एबेन सॅडी यांच्या ‘स्कुर्फबर्ग’ आणि ‘मेव्ह. कर्स्टन’ या शेनिन वाईनने जगाचे लक्ष वेधले ते याच जोरावर.

मात्र निव्वळ वयाला श्रेय देणे घाईचे ठरेल. ज्या बागा मुळातच सुमार होत्या त्या कधीच उपटल्या गेल्या. उरल्या त्या चांगल्या जमिनीवरच्या. म्हणजे आपण म्हातारपण नव्हे, चाळणीतून उरलेले नमुनेच चाखत असू शकतो. शिवाय जुन्या वेलींत पाने गुंडाळणाऱ्या विषाणूचा त्रासही बराच असतो.

मग बागा वाचणार कशावर?

भावावर. पाणी दिलेली तरणी बाग हेक्टरी १५-२० टन सहज देते, जुनी कोरडवाहू बाग अनेकदा चार-पाच टनांवर थांबते. म्हणजे टनाचा दर तिप्पट-चौपट मिळाला तरच शेतकऱ्याची बरोबरी होते. मोहोर हे काम करते: वय ग्राहकाला दिसते, ग्राहक जास्त मोजतो. पण ते जास्तीचे पैसे वाईनरीपाशी अडकले तर शेतकरी मोहोर पाहून कुऱ्हाड खाली ठेवणार नाही. मोहोर वय सांगते, द्राक्षाला काय दर दिला ते सांगत नाही.

नाशिकचे काय?

शेनिन ब्लाँ हे नाशिकच्या वाईनचेही महत्त्वाचे द्राक्ष. ‘सुला’ने २००० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या वाईनमध्ये ते होते. त्या वेळच्या वेली आजही पस्तिशीच्या अलीकडेच आहेत. त्यात केपमध्ये थंडीत वेल झोपते आणि छाटणी वर्षातून एकदाच होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. वेलीला विश्रांती अशी नाहीच. खाण्याच्या द्राक्षांची बाग तर पंधरा-वीस वर्षांत उत्पन्न घटले की काढलीच जाते.